ट्रॅक्टर ट्रॉलीला स्टेपनी कॅरियर: कुठला घ्यायचा, कुठं बसवायचा, काय बघायचं

नवीन ट्रॉली घेतली की लोकं हूक बघतात, पाटे (स्प्रिंगा) बघतात, पत्र्याचा गेज बघतात, रंग आणि नाव कुठं टाकायचं यावर दोन दिवस चर्चा होते, पण स्टेपनी कुठं ठेवायची याचा विचार पहिला टायर पंक्चर होऊन बसल्यावर सुरू होतो. बऱ्याच ट्रॉल्यांना बनवणारा कॅरियर देतच नाही, आणि दिला तरी दोन अँगलचे तुकडे खाली कुठंतरी चिकटवून दिलेले असतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. आमच्याकडं सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ऊस वाहतुकीची ट्रॉली जास्त, त्यामुळं उदाहरणं तीच येतील, पण माती-विटा-खत वाहणाऱ्यालाही बरंचसं लागू होतंय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्टेपनी रिकाम्या ट्रॉलीला कधी लागत नाही. लागते ती भरलेल्या ट्रॉलीला, रात्री, पाणंदीत नाहीतर हायवेच्या कडेला, एक टायर बसून ट्रॉली एका बाजूला कलंडलेली असताना. वर्कशॉपमधे सपाट काँक्रीटवर रिकामी ट्रॉली उभी करून "बघा, कशी झकास निघती" असं दाखवतात त्याला काही अर्थ नाही. तुमचा कॅरियर त्या कलंडलेल्या ट्रॉलीतनं दोन माणसांना स्टेपनी काढून देतोय का, एवढाच प्रश्न.

१) आधी स्टेपनीच बरोबर आहे का बघा

कॅरियर टायरच्या मापानं बनतो, म्हणून स्टेपनी आधी, कॅरियर नंतर. आपल्याकडं ट्रॉलीला जास्त करून ९.००-१६ टायर असतो, लहान ट्रॉलीला ७.५०-१६, आणि ट्रकची डिस्क (चाकाची होलवाली लोखंडी तबकडी) आणि हब (ज्यावर डिस्क नटानं आवळतात) वापरून बनवलेल्या ट्रॉलीला ९.००-२० किंवा १०.००-२०. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. पुढं पीआर म्हणजे प्लाय रेटिंग लिहिलेलं असतं, ते टायरच्या ताकदीचं, आकडा जास्त तितका टायर दणकट. चालू टायर १६ पीआरचे आणि स्टेपनी ८ किंवा १० पीआरची असली तर ती भरल्या ट्रॉलीखाली टिकणार नाही, दुकानदार कितीही "चालतंय की" म्हणाला तरी.

मग होल बघा. सहा होलची डिस्क आणि आठ होलची डिस्क लांबनं सारखीच दिसते. होल सारखी असली तरी मधलं मोठं भोक हबवर बसतंय का आणि नटाचा उतार डिस्कच्या उताराला लागतोय का, हे हबवर प्रत्यक्ष चढवल्याशिवाय कळत नाही. म्हणून घरी निवांत असताना एक चाक काढून स्टेपनी चढवून बघा, सगळे नट आवळा, चाक फिरवून बघा पाट्याला किंवा बॉडीला घासतंय का. दोन ट्रॉल्या जोडून चालवत असाल आणि एकाच स्टेपनीवर भागवायचं असेल तर हे दोन्ही ट्रॉल्यांवर करायचं. दोन ट्रॉल्या दोन वेगळ्या ठिकाणच्या असतील तर बऱ्याचदा जमत नाही आणि दोन स्टेपन्या ठेवाव्या लागतात, नाईलाज आहे.

ट्रकची जुनी हब असलेल्या ट्रॉलीत अजून एक गंमत असते, डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असू शकतात. रात्री ते माहीत नसलं की माणूस पान्यावर उड्या मारून नट अजून आवळत बसतो. तपासून घ्या आणि उलटे असतील तर हबवर रंगानं खूण करून ठेवा.

जुना टायर स्टेपनीला टाकायला हरकत नाही, रबर चढवलेला पण चालतो, फक्त साईडवॉलला चिरा, फुगा नको. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली आहे म्हणून दहा-बारा वर्षांचा टायर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

२) वजन आणि माप

९.००-१६ चं चाक टायर, ट्यूब, फ्लॅप, डिस्क धरून साठ किलोच्या पुढंमागं जातं. २० इंची त्याच्यापेक्षा बरंच जड. अंदाजावर जाऊ नका, गावात कुठंतरी काटा असतोच, टाकून बघा. व्यास ९.००-१६ चा ढोबळमानानं ९० सेंटिमीटर आणि जाडी २५, तरी हवा भरलेल्या टायरलाच टेप लावायचा, कारण हवा नसलेला टायर घेऊन वर्कशॉपला गेलात की कॅरियर दोन बोटं कमी बनतो आणि मग हवा सोडून स्टेपनी बसवायची वेळ येते.

साठ किलो म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण खड्ड्यात ट्रॉली आपटते तेव्हा तेच वजन कॅरियरला तीन-चारपट लागतं, आणि ट्रॉलीला ट्रकसारखं मऊ सस्पेन्शन नाही. हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासनं मार्च-एप्रिलपर्यंत रोज आपटणार. कॅरियर तुटतात ते एका दणक्यानं नाही, रोजच्या हादऱ्यानं वेल्डिंगला केसाएवढी चीर पडते आणि ती वाढत जाते.

३) जागा कुठली

इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के चुका इथंच होतात.

ट्रॉलीच्या आत ठेवणारे खूप आहेत. भरताना कुणाला आठवत नाही, आणि मग स्टेपनी आठ-दहा टन उसाखाली. पुढं बोलायला नको.

मागच्या बाजूला लावणं दिसायला छान, जीपसारखं. पण पुढच्या ट्रॉलीला मागं दुसऱ्या ट्रॉलीचा हूक असतो, तिथं जागाच नाही. शेवटच्या ट्रॉलीला लावली तर टेललाईट, नंबर प्लेट, लाल रिफ्लेक्टर झाकले जातात, आणि अंधारात मागनं येणाऱ्याला ट्रॉली दिसली नाही तर काय होतंय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दोन चाकी ट्रॉलीत तर मागचं वजन हूक वर उचलायला बघतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची पकड कमी होते. डंपिंग ट्रॉली असली तर माल ओतताना स्टेपनी जमिनीला टेकणार. थोडक्यात मागं नकोच.

चेसिसच्या खाली मधोमध, साखळीनं वर ओढून टांगलेली, ट्रकसारखी. ही पद्धत वाईट नाही, पण ट्रकला डांबरी रस्ता असतो. आपली ट्रॉली सरीतनं, बांधावरनं, ओल्या रानातनं जाते. चिखल बसून वाळतो, साखळीची घिरणी जाम होते, आणि टायर बसल्यावर चेसिस त्या बाजूला वीतभर खाली येते, मग मधोमध टांगलेली स्टेपनी खाली सोडली तरी बाहेर ओढायला जागा उरत नाही. ट्रॉलीखाली झोपून ती ओढायची म्हणजे, जॅक घसरला तर काय? डंपिंग ट्रॉलीत खाली हायड्रोलिक जॅक आणि पाईप असतात, तिथं तर ही पद्धत धरूच नका.

राहिल्या दोन जागा, आणि माझं मत असं:

दोन चाकी ट्रॉलीला पुढच्या फळीला, हुकाच्या दांडीच्या वर, उभी. वजन हुकाकडं येतं ते बरंच आहे, रस्त्याची घाण कमी लागते, आणि टायर बसला तरी ही जागा तशीच मोकळी राहते. एकच अट, वळताना ट्रॅक्टरचं मागचं चाक लागता कामा नये. १३.६-२८ किंवा १६.९-२८ चं मोठं चाक पूर्ण वळणावर ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्याच्या फार जवळ येतं. ट्रॉली जोडून ट्रॅक्टर दोन्ही बाजूला पूर्ण वळवून उभा करा, चाक आणि जिथं स्टेपनी येणार त्या जागेत किमान एक वीत अंतर राहतंय का बघा. सपाटावर एक वीत असेल तर बांध चढताना ते अजून कमी होतं हे धरून चला. शेतात दुसऱ्याचा मोठा ट्रॅक्टर कधीतरी जोडला जातो, तोही विचार करा.

चार चाकी ट्रॉलीला पुढची दांडी टर्नटेबलबरोबर (पुढची चाकं वळवणारी फिरती चकती) फिरते, आणि ट्रॉली सोडल्यावर दांडी वर उचलून बांधायची सवय असते, त्यामुळं पुढं अडचण होते. तिथं पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, चेसिसखाली, बाजूनं आत सरकणारा ट्रे. टेबलाचा खण असतो तसा. स्टेपनी आडवी ठेवायची आणि आत ढकलायची. साधारण गुडघ्याच्या वर येतो, त्यामुळं उचलणं कमी, आणि बाजूनंच निघते म्हणून ट्रॉलीखाली जायला लागत नाही.

ट्रे डाव्या बाजूला करा. रस्त्यात थांबल्यावर डावी बाजू कडेला असते, उजवीकडं बसून स्टेपनी ओढत असाल तर पाठीमागनं गाड्या जाणार. आणि कारखान्यावर गव्हाणीला (ऊस टाकायची जागा) साखळी ओढून ऊस ज्या बाजूनं खाली घेतात ती बाजू पण बघून घ्या. ऊस पडताना बॉडीच्या बाहेर आलेलं काहीही वाकतं. म्हणून ट्रे बॉडीच्या रेषेपेक्षा चार-पाच सेंटिमीटर आतच संपला पाहिजे, मग बाजू कुठलीही असली तरी चालतं.

४) माल आणि हत्यारं

वर्कशॉपला जाताना ही यादी मोबाईलवर ठेवा:

- स्टेपनी, हवा भरलेली, सोबत घेऊनच जायची
- ७५ बाय ४० चं चॅनेल, मीटरला सात किलोच्या आसपास
- ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, मीटरला साडेचार किलो
- १० एमएमची प्लेट
- १६ एमएमचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट (हादऱ्यानं ढिले न होणारे), जाड वॉशर
- ट्रॉलीच्याच चाकाचे दोन स्टड आणि नट
- जुन्या ट्यूबचे तुकडे, साखळी, कुलूप
- ट्रॉलीचं आरसी आणि इन्शुरन्सची प्रत

वजनं मुद्दाम दिलीत. फॅब्रिकेशनवाले बऱ्याचदा किलोवर पैसे लावतात, त्यामुळं किती मीटर माल लागला ते तुम्हाला गुणून बघता येतं. दर आधी ठरवा, त्यात वेल्डिंग, रंग, बोल्ट धरलेत का विचारा.

कागदाचं म्हणाल तर ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. बॉडीच्या लांबी-रुंदीच्या आत बसणाऱ्या कॅरियरला अडचण नसते, पण बाजूला फूटभर बाहेर काढून लावलात तर आरटीओवाल्यानं विचारलं की उत्तर द्यावं लागेल.

तयार कॅरियर घ्यायचा का बनवून घ्यायचा? जुन्या ट्रकचा साखळी-घिरणीवाला कॅरियर भंगारात मिळतो, स्वस्त असतो, पण वर सांगितलं तसं तो आपल्या कामाचा कमी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मिरज-कुपवाड एमआयडीसीत मापानं बनवून घेणं मला जास्त पटतं, गावातला वेल्डर चांगला असेल तर तोही करतो. फक्त दसरा-दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा सगळ्यांच्या ट्रॉल्या तिथंच उभ्या असतात आणि घाईत काम कसं होतंय ते माहीतच आहे. श्रावणात करून घ्या.

५) पुढचा उभा कॅरियर बसवताना

वजन खालच्या आधारावर पाहिजे, स्टडवर नाही. म्हणजे खाली अँगलची खुर्ची करायची, टायर तिच्यात बसतो, आणि मधली प्लेट-स्टड फक्त टायर मागं दाबून धरतात. नुसत्या दोन स्टडवर चाक टांगलं की हादऱ्यानं स्टडचे आटे जातात आणि डिस्कची होल लांबट होतात, मग ती डिस्क हबवरही नीट बसत नाही.

पुठ्ठ्यावर डिस्कची होल छापून घ्या, समोरासमोरची दोन होल प्लेटवर मारा. स्टड-नट चाकाचेच वापरायचे, म्हणजे एकाच पान्यानं स्टेपनीही निघते आणि चाकही. वेगळा पाना लागणारा कॅरियर म्हणजे पाना घरी राहिला की संपलं.

दोन उभी चॅनेल खाली चेसिसच्या आडव्या मेंबरला आणि वर फळीच्या खांबाला धरायची. नुसत्या पत्र्याला वेल्ड करू नका, पत्रा फाटतो. चेसिसच्या चॅनेलला जोडताना उभ्या पट्टीला बोल्ट मारा, वरच्या-खालच्या कडेला भोक किंवा आडवं वेल्डिंग करू नका, ताण तिथंच जास्त असतो. हुकाच्या दांडीला आणि अॅक्सलला तर वेल्डिंग अजिबात नाही.

उंची: खुर्ची जितकी खाली तितकं बरं, पण दांडीला अडायला नको. कंबरेच्या वर गेली तर एकट्याचं काम नाही, मग एक जाड फळी ट्रॉलीला कायम बांधून ठेवा, तिच्यावरनं टायर घरंगळत वर नेता येतो.

६) बाजूचा ट्रे बसवताना

दोन अँगल समांतर, टायरच्या व्यासाला दोन-तीन सेंटिमीटर सूट ठेवून, चेसिसच्या दोन आडव्या मेंबरला बोल्टनं. आत टोकाला अडसर, बाहेर आडवा बार जो पिनेनं निघतो. ट्रेचा तळ पूर्ण पत्र्यानं बंद करू नका, चिखल आणि पाणी साचतं, पट्ट्या मारा म्हणजे घाण खाली पडेल. टायर आत हलू नये म्हणून वरनं डिस्कच्या मधल्या भोकातनं एक लांब बोल्ट आणि खाली जाड प्लेट, हे पाहिजेच. नुसत्या पिनेवर सोडलेला टायर दिवसभर आदळत राहतो आणि ट्रे महिन्यात ढिला होतो.

ट्रे बसवायच्या आधी पाटे पूर्ण दबल्यावर काय लागतंय, ब्रेकची दांडी किंवा पाईप मधे येतोय का, आणि चार चाकीत पूर्ण वळणावर पुढचं चाक ट्रेपर्यंत येतंय का, हे बघा. ट्रेखाली जमिनीपासून दीड फूट तरी मोकळं ठेवा. बांध तेवढे असतात.

७) वेल्डिंगच्या वेळी उभं राहून बघायच्या गोष्टी

कारागीर चिडला तरी चालेल, तुम्ही तिथं थांबा.

ट्रॅक्टर सोडून ट्रॉली वेगळी करा. जोडलेली ठेवून वेल्डिंग केलं तर अल्टरनेटर आणि वायरिंगला धोका. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा, लांब चाकाच्या बाजूला लावला की करंट बेअरिंगमधनं जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात, ते लगेच कळत नाही, नंतर आवाज यायला लागतो. रंग आणि गंज घासून मगच वेल्ड. मधे मधे टिपके मारून वर रंग फासलेलं काम ओळखायला शिका.

सगळ्यात महत्त्वाचं. टायर चढवलेल्या डिस्कला किंवा रिमला कधीही वेल्डिंग करू देऊ नका, हवा काढली असली तरी नाही. आतली हवा आणि रबर तापून टायर फुटतो, माणसं गेलीत अशानं. आणि रिंगवाल्या रिमची (टायर धरून ठेवायला वेगळी लोखंडी रिंग असलेली) स्टेपनी असेल तर हवा भरताना समोर उभं राहू नका, रिंग निसटली तर गोळीसारखी येते. पिंजऱ्यात ठेवून किंवा साखळीनं गुंडाळून, लांब नळीनं हवा भरायची.

८) लावून झाल्यावर

रिफ्लेक्टर टेप परत नीट लावा, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. कॅरियरमुळं कुठली झाकली असेल तर कॅरियरवर लावा.

चोरीसाठी साखळी-कुलूप, कुलपावर ट्यूबच्या रबराचा तुकडा बांधा नाहीतर चिखलानं आणि पावसानं ते जाम होतं आणि दगडानं फोडायची वेळ येते. चावी ट्रॅक्टरच्या चावीलाच अडकवा, ड्रायव्हर बदलला तरी चावी ट्रॅक्टरबरोबर जाते. पुढं उभ्या लावलेल्या स्टेपनीवर ऊन थेट येतं, गोणपाट टाका.

मग खरी परीक्षा. ट्रॉली भरा, पूर्ण. एका चाकाखालची जमीन थोडी उकरून ती बाजू वीतभर खाली घ्या आणि ड्रायव्हर आणि अजून एक माणूस यांना स्टेपनी काढायला सांगा. तुम्ही हात लावू नका. जॅकही बरोबर बसतोय का बघा, तो चेसिसला नाही तर अॅक्सलला पाट्याजवळ लागतो, खाली जाड लाकडी ठोकळा, बाकीच्या चाकांना दगड. नट जॅक लावायच्या आधीच अर्धे ढिले करायचे, लावताना समोरासमोरचे आवळायचे. यात काही अडलं तर वर्कशॉपला परत जायचं, हंगाम सुरू व्हायच्या आधी.

पहिल्या दोन-तीन खेपांनंतर कॅरियरचे सगळे बोल्ट परत आवळा, नवीन काम थोडं बसतंच. नंतर ग्रीस मारायच्या दिवशी वेल्डिंगवर नजर टाका, रंगावर बारीक गंजाची रेघ दिसली की तिथं चीर आहे असं समजा. आणि स्टेपनीची हवा पंधरा दिवसाला बघा, चालू टायरएवढी ठेवा. वॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येईल असंच चाक ठेवायचं, नाहीतर हवा बघायला प्रत्येक वेळी स्टेपनी काढावी लागते आणि मग कुणी बघतच नाही.

चाक बदलल्यावर नवीन बसवलेल्या चाकाचे नट पाच-दहा किलोमीटरवर थांबून एकदा आवळायला ड्रायव्हरला सांगून ठेवा, आणि पंक्चर चाक कॅरियरवर ठेवलं असेल तर त्यावर खडूनं फुली मारायला.